उभ्या जिन्याचं घर

गेर्लिंगेन, २ एप्रिल २००७

प्रिय शमिका,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोन दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यात आई. ईमेल म्हणशील तर आमचा पत्ता जोडीनं एकच, देवदत्त-अहिल्या असा, आणि तुझे दादा ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी तो उघडतात. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. आपला वेगळा पत्ता असावा हे मला कधी सुचलं नाही, आणि सुचवणारंही कुणी नव्हतं. तेव्हा कागदच बरा.

मेअखेरच्या फिंग्स्टेनच्या सुट्टीत चौघांनी माराकेशला जायचं आपण फेब्रुवारीत तुझ्याकडे ठरवलं, तेव्हा आईंचं येणं पक्कं नव्हतं. आता त्या जूनपर्यंत इथे आहेत, एप्रिलभर माझ्याकडे आणि पुढे तुझ्याकडे. काल जेवताना तुझे दादा सहज म्हणाले, "आई, तूही चल की आमच्याबरोबर." मी लगेच व्हिसाचं काढलं. तर ऑफिसातल्या जर्मन सवयीनं म्हणाले, "आल्झो, हृषीनं तिचा मल्टिपल एंट्री घेतलाय ना, स्वित्झर्लंड दाखवायचं म्हणून. मोरोक्कोच्या वकिलातीत आपण चार पासपोर्ट देणारच आहोत, त्यात पाचवा देऊ." इंजिनियर माणसाला अडचण सांगितली की तो ती सोडवून मोकळा होतो.

आई मागाहून भांडी पुसताना मला म्हणाल्या, "देवदत्त आणि हृषी एका घरात झोपलेत, सकाळी एकत्र उठलेत, असं मी शेवटचं पाहिलं ते यांच्या दिवसांत. तेव्हा कुठं बघायची शुद्ध होती. चार दिवस बघायला मिळालं तर बरं वाटेल." मामंजींना जाऊन पाच वर्षं झाली. थोरला, माझा नवरा, गेर्लिंगेनला, धाकटा, तुझा हृषी, कोलोनला, आणि आई पाळीपाळीनं. दोघांना एकदम बघणं त्यांच्या नशिबात येत नाही हे खरंच आहे. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

पण शमिका, माझंही ऐक. दर खेपेला तुला नोकरी म्हणून जास्तीचे दिवस माझ्याकडे. माझ्या स्वयंपाकघरातले खण पुन्हा लावलेले आहेत. दह्याचे प्लास्टिकचे डबे रीसायकलिंगच्या पिवळ्या पिशवीत टाकायचे तर त्या ते धुऊन, पुसून एकात एक घालून ठेवतात, आता तळघरात त्यांचा खांब झालाय. मी उलट बोलत नाही, पाय चेपून देते, पथ्याचं करते. मला फक्त चार दिवस कुणाची सून नसायचंय. आमच्या लग्नानंतर महाबळेश्वरलासुद्धा यांच्या आत्याबाई बरोबर होत्या हे तुला ठाऊक आहे.

राहायचं घर तू शोधते आहेस. तूच काहीतरी काढ.

तुझी
अहिल्यावहिनी


कोलोन, ९ एप्रिल २००७

प्रिय अहिल्यावहिनी,

तुमचं पत्र मी ट्राममध्ये वाचलं आणि माझा थांबा चुकला. एक सांगून ठेवते. मे महिन्यात आई माझ्याकडे असतील, मी दिवसभर स्टुडिओत, तेव्हा पोस्टमनला दार त्याच उघडणार. त्यामुळे तेव्हाची पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, मागे लिहिलाय.

आता घरांचं. हॉटेल नको, रियादच घ्यायचा हे आपलं ठरलंय. रियाद म्हणजे तिथलं जुनं चौसोपी घर, मालकानं पाचसहा खोल्या पाहुण्यांना उघडून दिलेलं. बाहेरून नुसती लांबच लांब भिंत आणि एक दार, खिडकी नावालाही नाही. आत गेलं की चौक, कारंजं, आणि सगळ्या खोल्या चौकाकडे तोंड करून. वर गच्ची, तिथे न्याहारी. एका खोलीत कुजबुजलं तर समोरच्या खोलीत ऐकू जातं असं एका बाईनं इंटरनेटवर तक्रारीच्या सुरात लिहिलंय. तेव्हा आई बरोबर आल्या तर आपण दोघी चार दिवस हूं की चूं करू शकणार नाही.

चाळीसेक घरं बघून माझ्याकडे दोन उरलीत. एक लिंबोणीचं. चौकात लिंबोणीची दोन झाडं, टॅक्सी जवळजवळ दारापर्यंत येते, जिन्याला नीट कठडा, खाली चौकालगत दोन खोल्या. मालकीण फ्रेंच आहे, फार गोड लिहिते. दुसरं निळ्या दाराचं. ते दिसायला तितकं नाही, बोळातून बरंच आत चालत जायचं, सामान हातगाडीवर. तीन मजले, पाहुण्यांच्या खोल्या सगळ्या वर, आणि जिने अरुंद आणि इतके उभे की फोटोत बघूनच धाप लागते. खाली फक्त चौक, मुदपाक आणि घरच्या माणसांचं बिऱ्हाड.

माझं मन लिंबोणीवर होतं. पण तुमचं पत्र वाचल्यावर मला जिना दिसायला लागला. वहिनी, आजारपणाचं कारण काढलं तर नाट लागते. खर्चाचं काढलं तर दादा म्हणतील मी भरतो. व्हिसाचं तर त्यांनी सोडवलंच. जिना मात्र कुणाच्या बापाला हलवता येत नाही. आणि आईंचा उजवा गुडघा साऱ्या खानदानाला माहीत आहे. रियादमध्ये जिने फार असतात, एवढं तुम्ही दादांच्या कानावर घाला. खोटं काहीच नाही त्यात.

मी वाईट आहे असं वाटत असेल तर तसं सांगा. पण मागच्या खेपेला आईंनी हृषीला माझ्यासमोर विचारलं होतं, "हिला जमत नाही की हिला नकोय?" मूल होण्याबद्दल. त्यानं मान खाली घातली आणि वरणभात कालवला. ते मी विसरलेले नाही.

तुमची
शमिका


गेर्लिंगेन, १६ एप्रिल २००७

प्रिय शमिका,

काम झालं. शनिवारी चहाच्या वेळी मी तुझ्या दादांना म्हटलं, अहो, तिथल्या घरांचे जिने फार उभे असतात म्हणे, आईंना झेपेल का. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खाली एखादी खोली नाही का?" मी म्हटलं, "नाही." एवढा एकच शब्द, शमिका, आणि तो मी बशी विसळता विसळता बोलले.

पुढचं त्यांनीच केलं. आईंना शेजारी बसवलं आणि पेपर नॅपकिनवर जिन्याचं चित्र काढलं. पायरीची उंची एवढी, खोली एवढी, त्यामुळे गुडघ्यावर भार किती येतो, उतरताना तो आणखी कसा वाढतो, सगळं बाण काढून समजावलं. ऑफिसातल्या मीटिंगसारखं. आई नीट ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "किती मजले आहेत?" ते म्हणाले, "तीन." आई म्हणाल्या, "बरं." मग तो नॅपकिन घडी करून त्यांनी कंबरेला खोचला. कागद टाकवत नाही त्यांना, डब्यांसारखंच.

आमची लेक इरा तेवढी टेबलावरून उठताना माझ्याकडे बघून म्हणाली, "डू ल्यूग्स्ट, मामा." आई, तू खोटं बोलतेस, असं म्हणाली. आदल्या दिवशी तिनं माझ्या खांद्यावरून लिंबोणीच्या घराची साइट पाहिली होती. आजीसमोर म्हणाली, पण जर्मनमधून म्हणाली, तेवढी तिची माया.

म्हणून लिंबोणीचं घर नको. उद्या हृषीनं किंवा तुझ्या दादांनी साइट उघडली आणि खालच्या खोल्या दिसल्या तर मी तोंड कुठे लपवू? निळ्या दाराचंच घे. जिने जितके उभे तितके बरे. इरा मैत्रिणीकडे राहील, आईंची सोय एर्लांगेनला उल्हास-संध्याकडे करते. उल्हास त्यांच्या सख्ख्या मावसबहिणीचा मुलगा, चार दिवस नाही म्हणणार नाही. संध्या मुगाची खिचडी चांगली करते.

हे पत्र आईच पेटीत टाकतील. संध्याकाळी आम्ही कोपऱ्यापर्यंत फिरायला जातो, तिथल्या पिवळ्या पेटीचं झाकण उचलून पत्र आत सोडायला त्यांना आवडतं. मागचंही त्यांनीच टाकलं होतं. "शमिकाला का? जावाजावांचं असं असावं," म्हणाल्या.

अहिल्यावहिनी


कोलोन, २३ एप्रिल २००७

प्रिय वहिनी,

निळ्या दाराचं घर घेतलं. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही, तिसऱ्यावर आम्ही. लिंबोणीवालीला नकार कळवताना जिवावर आलं. तिनं शेवटच्या मेलमध्ये झाडांना फुलं आल्याचा फोटो पाठवला होता.

निळ्या दाराच्या मालकानं उलट मेलमध्ये विचारलं, घरचं वडीलधारं कुणी बरोबर आहे का, असल्यास आधी कळवा. मी लिहिलं, कुणी नाही. का विचारलं कोण जाणे, बहुतेक जेवणाखाणाचं पथ्य वगैरे असेल.

आईंना एक तारखेला हृषी तुमच्याकडून घेऊन येईल. पथ्याच्या डब्यावर लेबलं लावून पाठवा, मला त्यातलं काही कळत नाही.

शमिका


कोलोन, १४ मे २००७

प्रिय वहिनी,

काल रविवारी खालच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवून आल्या. आमच्याकडे दुपारी एक ते तीन मिटाग्सरूहे असतं, दुपारच्या शांततेचा नियम, म्हणजे बाळ रडलं तरी लोक घड्याळ बघतात. बाईंचं म्हणणं, तुमच्या सासूबाई रोज दुपारी काठी टेकत जिना चढतात आणि उतरतात. पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात. मधेच पायऱ्यांवर बसतात, बाईंनी पाणी विचारलं तर नको म्हणतात आणि हसतात. "लिफ्ट बंद आहे का?" असं त्यांनी मला विचारलं. लिफ्ट छान चालू आहे, वहिनी. आई येतात-जातात त्या लिफ्टनंच, आमच्यासमोर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एक वेळ मला तोंडावर बोलावं, पण जिन्यात बसून राहायचं म्हणजे काय? चार लोकांनी विचारावं, या म्हातारीला कुणी घरात घेत नाही का, एवढ्यासाठीच ना? मी विचारलं तर म्हणाल्या, "पाय मोकळे करते गं." मी म्हटलं, समोर बाग आहे, तिथे करा. त्यावर म्हणाल्या, "बागेत चढ नाही."

आणखी एक गंमत. गेल्या शनिवारी त्यांनी हृषीला बरोबर नेऊन बूट घेतले. जन्मभर चपला घातलेली बाई, आता पाचवारी साडीवर रबरी तळाचे पांढरे बूट घालून फिरते. हृषीला विचारलं तर म्हणे, आईला हवे होते, मी कशाला विचारू. मला हसू आवरलं नाही. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असता.

तुमच्याकडे असं काही करत होत्या का? मला आता भीती वाटते की माझ्याकडेच त्यांचं बिनसलंय.

शमिका


गेर्लिंगेन, १७ मे २००७

शमिका,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना उभ्यानं वाचत होते ती खाली बसले.

तुझ्याकडे त्यांचं काही बिनसलेलं नाही. तुझं घर कितव्या मजल्यावर आहे? चौथ्या. आणि नॅपकिनवर किती होते? तीन. आता तुला कळलं असेल. कळलं नसेल तर मी लिहून सांगणार नाही, माझ्या हातानं ते लिहवत नाही.

त्यांना काही विचारू नकोस. बागेतही पाठवू नकोस. खालच्या बाईंना म्हणावं, दहाबारा दिवसांचा प्रश्न आहे, सहन करा. हृषीला यातलं अवाक्षर कळता कामा नये, त्याला कळलं तर तो एका मिनिटात दादांना फोन करेल आणि दादा व्हिसाच्या मागे लागतील. आता व्हिसाला वेळ उरलेला नाही, हे आता अगदी खरं आहे. आपले चार पासपोर्ट परवाच शिक्के होऊन आले. तिकिटं झाली, घर झालं, संध्यानं एर्लांगेनला त्यांची खोली तयार केली.

त्या स्वतःहून काही बोलल्या तर मात्र मला कळव. "मला जमतं, मला न्या," एवढं जरी म्हणाल्या तरी कळव. त्या म्हणणार नाहीत. मी वीस वर्षं ओळखते त्यांना. आपण विचारायची वाट बघतील.

अहिल्या


गेर्लिंगेन, ३ जून २००७

शमिका,

गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर पडल्यापडल्या लिहिते आहे. डॉक्टर म्हणतात तीन आठवडे जिने नकोत. हे त्यांनी मला सांगावं म्हणजे काय ते बघ.

माराकेशला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरून उतरताना मी घसरले ते तू पाहिलंस. आपणच निवडलेला जिना, त्याला तरी काय बोल लावणार. मालकानं आणि तुझ्या दादांनी मला उचलून खाली नेलं तेही पाहिलंस. त्यानंतरचं तुला माहीत नाही, कारण दोन्ही दिवस तुम्ही बाजारात नाहीतर वर होतात, आणि मी खाली चौकालगतच्या त्या खोलीत.

ती खोली मालकाच्या आईची. मी पडले तशी ती म्हातारी उठली, आपली उशी काखोटीला मारली आणि पलंग मला दिला. स्वतः समोरच्या बैठकीवर झोपली. सकाळी पायाशी बसून माझ्या गुडघ्याला तेल लावत होती. मुलाला तिनं काहीतरी विचारलं. तो काही वर्षं ड्युसेलडॉर्फला राहिलेला, जर्मन बरं बोलतो. म्हणाला, "तुमच्या नवऱ्याची आई आहे का, विचारतेय." मी म्हटलं, आहे, सध्या जर्मनीतच आहे. "मग आणली का नाही?" मी म्हटलं, जिने. त्यानं तिला सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिला ते कळेचना. तिनं दोनदा विचारलं आणि त्यानं दोनदा सांगितलं. मग तो मला म्हणाला, "पण म्हातारी माणसं वर जातात कशाला? आमच्या घरांत खालची खोली त्यांचीच असते. म्हणून तर मी आधी विचारलं होतं, वडीलधारं कुणी आहे का. तुमच्या आई आल्या असत्या तर इथेच राहिल्या असत्या, माझ्या आईला सोबत झाली असती."

तू त्याला काय लिहिलं होतंस ते मला आठवलं. आणि मी बशी विसळताना काय म्हटलं होतं तेही.

रविवारी माझ्यामुळे त्यानं न्याहारी गच्चीवर न नेता चौकात मांडली. तू अजून उठली नव्हतीस. दोघे भाऊ खाली आले, विस्कटलेले केस, चुरगळलेले लेंगे. मी पलंगावरून बघत होते, दार सताड उघडं होतं. तुझे दादा संत्रं सोलत होते. सोलून झाल्यावर त्यांनी एकेका फोडीचे पांढरे धागे काढले, सगळे काढले, आणि फोडी हृषीच्या बशीत ठेवत गेले. हृषी बोलत होता आणि खात होता, बशीकडे त्याचं लक्षही नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या तो, आणि हे अठ्ठेचाळीसचे. इराला यांनी कधी संत्रं सोलून दिल्याचं मला आठवत नाही. हे त्या दोघांचं पुण्याच्या घरातलं असणार, आपण दोघी या घरात यायच्या आधीचं.

शमिका, हे बघायचं होतं आईंना. एवढंच बघायचं होतं. त्यांच्या जागेवर झोपून ते मी पाहिलं.

मला चार दिवस कुणाची सून नसायचं होतं. त्यातले दोन मी कुणा परक्या सासूच्या पलंगावर काढले, आणि तिनं माझे पाय चेपले. देवानं थट्टा करावी तरी किती.

पुढच्या रविवारी आई जाणार. मला फ्रँकफर्टला येता येणार नाही. त्यांना खरं सांगावं असं रोज वाटतं, पण फोन दिवाणखान्यातच आहे, आणि तिथे तुझे दादा. तू त्यांच्याजवळ आहेस. तू सांगशील का?

अहिल्या


कोलोन, १२ जून २००७

अहिल्यावहिनी,

नाही सांगितलं. कबूल करायची हौस तुमची आणि तोंड माझं, हे कसं जमावं? दादांना "खाली खोली नाही" हे तुम्ही म्हणालात. मी फक्त घर शोधलं, आणि मला आवडलेलं सोडून तुम्हाला हवं ते घेतलं. "जिने जितके उभे तितके बरे" हे वाक्य कुणाचं आहे ते तुमच्या अक्षरात माझ्या ऑफिसच्या खणात आहे. मी ते कुणाला दाखवणार नाही, पण तुम्ही मला बाजूला ढकलून एकट्यानं रडायला लागलात की मला राग येतो. आपण दोघींनी मिळून केलं. निदान तेवढं तरी मोकळेपणानं वाटून घ्या.

विमानतळावर आई हसतमुख होत्या. हृषी सामान वजन करत होता तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी वाट बघत होते की त्या विचारतील. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुला मागे एकदा मी नको ते बोलले होते, मनात ठेवू नकोस." त्यांनी ते आत्ता का म्हणावं? आधी म्हटलं असतं तर मी लिंबोणीचं घर घेतलं असतं.

घरी आले तर त्यांच्या खोलीत कपाटाखाली बुटांचा खोका. पांढरे बूट ओल्या फडक्यानं पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवलेले. वर चिठ्ठी नाही, काही नाही. मी तो खोका तळघरात नेऊन ठेवला, वर ठेवला की दिसतो.

संध्याताईंचा फोन होता. त्या म्हणाल्या, फिंग्स्टेनच्या रविवारी आई पहाटेच उठून, अंघोळ करून खुर्चीत बसल्या होत्या. काय हो इतक्या लवकर, म्हटलं तर म्हणाल्या, "आत्ता दोघं उठत असतील." संध्याताई मला हे कौतुकानं सांगत होत्या.

पुढच्या सुट्टीत आपण वेगवेगळे जाऊ. तुमचा गुडघा बरा होवो.

शमिका


पुणे, १ जुलै २००७

चि. सौ. अहिल्या आणि चि. सौ. शमिका यांना सरलाचे अनेक आशीर्वाद.

दोघींना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकच लिहिते आणि झेरॉक्स काढून दोन्हीकडे पाठवते. तुमचं एकमेकींशी पत्रातून सगळं बोलणं असतंच, मीच तर पेटीत टाकत होते.

मी सुखरूप पोचले. प्रवासात पाय थोडे सुजले, आता उतरले. इकडे पाऊस बरा आहे. शेजारच्या वासंतीनं घर झाडून, दूध आणून ठेवलं होतं. मी नसताना तुळस जगवली तिनं. दोघींनी माझं खूप केलंत. परक्या देशात, तुमची कामं सांभाळून केलंत, याची मला जाणीव आहे.

माराकेशचे फोटो हृषीनं पाठवले, ते वासंतीच्या कॉम्प्युटरवर पाहिले. निळं दार पाहिलं, फरशा, कारंजं, दिवे पाहिले. फार देखणं घर आहे. दोघा भावांचा एकत्र असा फोटो त्यात सापडला नाही. हृषीला विचारलं तर म्हणाला, आई, घराचेच काढले गेले, आमचा काढायचं राहिलं. कुणाच्या कॅमेऱ्यात चुकून आला असेल तर पाठवा, मागे उभे असले, पाठमोरे असले तरी चालेल.

पुढल्या वर्षी माझ्या व्हिसाची खटपट करू नका. मी आता येणार नाही. रागानं लिहीत नाही, पाळीपाळीनं राहण्याचा कंटाळा आला एवढंच. मुलांना म्हणावं, जमलं तर दोघांनी एकदम इकडे या. माझं घर तळमजल्यावर आहे.

अहिल्या, देवदत्त परवा फोनवर म्हणाला, तुला पडल्यावर खालच्या मजल्यावरची खोली मिळाली होती, फार छान होती, पलंगावरून सगळा चौक दिसायचा. मी बरं म्हटलं. तो आनंदानं सांगत होता, त्याला मी काही विचारलं नाही.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी परवानगी दिली की बसून राहू नकोस, सांधा आखडतो. जिन्याची सवय हळूहळू करायची. पहिल्या दिवशी एकच मजला, मग दर दोनतीन दिवसांनी एक वाढवायचा. दुपारी करावं, तेव्हा जिन्यात कुणी नसतं. रबरी तळाचे बूट घाल. माझे कोलोनला आहेत, शमिका देईल, आपलं माप एकच आहे. दमलीस तर पायरीवर बसावं, लाजू नये. मी असंच केलं, आणि शेवटी शेवटी मला चारही मजले न थांबता चढता येत होते.

आई